दुमडलेला कोपरा

बाबुराव ओव्हाळांनी उभ्या नोकरीत एकच काम केलं. लोकांची ओळख झाकायची. परीक्षा संपल्या की पुण्यातल्या त्यांच्या विद्यापीठाच्या कचेरीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडायचे. प्रत्येकीच्या कोपऱ्यात परीक्षार्थीचा क्रमांक असे. तो कोपरा दुमडायचा, खळ लावून चिकटवायचा आणि वर दुसऱ्याच आकड्याचा शिक्का मारायचा. पेपर कोणाचा, कुठल्या गावचा, याबद्दल बाबुराव तपासणाऱ्याला ताकास तूर लागू देत नसत. काम हलकं वाटतं खरं. पण कागद उडतात म्हणून पंखा बंद ठेवून, ऐन मे महिन्यात, दिवसभर कोपरे दुमडून बघावेत आणि मग हलकं म्हणावं.

त्यात पोरं काही कमी नसतात. ओळख पटेल असं काही लिहू नये, हे ठळक अक्षरांत छापलेलं असतं, आणि त्याच्याच खाली पोरगं वळणदार 'श्री' काढून मोकळं होतं. कोणी 'जय भीम' लिहितं, कोणी सातशे शहाऐंशी. बाबुराव सगळ्यांवर सारखीच कागदाची पट्टी लावत. 'जय भीम'वर पट्टी लावताना हात क्षणभर थबके, पण पट्टी लागायची.

या कामावर त्यांची श्रद्धा होती आणि तिला कारण होतं. नगरकडच्या त्यांच्या गावात शाळेतले मास्तर आडनाव बघून पाटीला हात लावायचा की नाही ते ठरवत. बाबुरावांची गणितं बरोबर असली तरी मास्तरांच्या लेखी ती नसतच. मॅट्रिकचा पेपर मात्र दूर कुठल्या तरी गावच्या, कधी न पाहिलेल्या माणसाने तपासला आणि बाबुराव गणितात वर्गात पहिले आले. "त्या माणसानं माझं नाव पाहिलं नाही, म्हणून माझं गणित पाहिलं," असं ते बायकोला, शालनबाईंना, लग्न झाल्यापासून सांगत आले होते. शालनबाई ते दर वेळी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकत.

एकच रुखरुख होती. मार्क पडून पेपर परत आले की कोपरे उघडायचं काम वरच्या मजल्यावर, वेगळ्याच माणसांकडे असे. झाकणाऱ्यानं उघडायचं नाही, असा नियमच होता. हजारो पोरांची नावं झाकली, पण एकही कोपरा उघडताना बाबुरावांनी पाहिला नाही. एकदा त्यांनी साहेबांना धीर करून विचारलं, "एक दिवस वर येऊन नुसतं बघू का?" साहेब अस्सल पुणेरी. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "ओव्हाळ, सिनेमा लावलेला नाही आम्ही वर." विषय मिटला.

रंगराव हा त्यांचा कचेरीतला जिवलग. डबा एकत्र, चहा एकत्र. त्याचा मुलगा परीक्षेला बसला त्या वर्षी नियमाप्रमाणे रंगरावची खोलीतून बदली झाली. मग तो जेवताना हळूच म्हणाला, "बाबू, पोराच्या पेपरावर कुठला शिक्का बसला तेवढं सांग. फक्त बघायचंय रे. बदलायचं काही नाही." बाबुरावांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठले. रंगराव वर्षभर बोलला नाही. बाबुराव त्याच्या वाटणीची चटणी रोज आणत आणि तशीच परत नेत.

त्यांची एकुलती एक दीक्षा बी.एस्सी.ला बसली तेव्हा त्यांनी आपणहून बदली मागून घेतली आणि दोन महिने पाकिटांवर पत्ते लिहिले. पोरगी भौतिकशास्त्रात पहिली आली. दापोडीच्या त्यांच्या गल्लीत पेढे वाटले गेले. पहिला पुडा बाबुराव रंगरावच्या घरी घेऊन गेले.

पुढे बारकोड आले आणि खळीचं भांडं अडगळीत गेलं. बाबुराव निवृत्त झाले, दापोडी सोडून वाघोलीला दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आले. तोवर गल्लीतली निम्मी पोरं हिंजवडीला जाऊ लागली होती. कंपनीची बस, गळ्यात ओळखपत्र. पुतण्या प्रज्ञेश त्यातलाच. त्यानं दीक्षाला कितीदा समजावलं, "ताई, तुझं कोडिंग माझ्यापेक्षा भारी आहे. जॉइन हो. त्या कणांना मार्केट काय आहे?" दीक्षा म्हणायची, "शून्य." आणि हसायची. ती मुंबईला पीएच.डी. करत होती.

ते कण म्हणजे काय, हे तिनं आईवडिलांना एका रविवारी भाकऱ्या चालू असताना सांगितलं होतं. जपानमध्ये जमिनीखाली एक भलंमोठं वर्तुळ आहे. त्यात कण जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरवून एकमेकांवर आपटतात. त्यातून बी मेसॉन नावाचे कण जन्मतात. एका सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले तर त्यातले जेमतेम दीड तुकडे ते जगतात. मग फुटतात आणि दुसरेच कण होऊन उधळतात. मूळ कण कोणाला दिसत नाही. उधळलेल्या तुकड्यांवरून तो कोण होता, कसा फुटला, ते शोधायचं.

"म्हणजे उष्ट्या पत्रावळींवरून पाहुणा ओळखायचा," शालनबाई तव्यावरून भाकरी उचलत म्हणाल्या.

"अगदी तसंच, आई. मी असा पाहुणा शोधतेय जो कोट्यवधी पंगतींत एखाद्याच वेळी येतो. आला की नाही तेसुद्धा कोणाला माहीत नाही."

बाबुरावांना मेसॉनशी फारसं कर्तव्य नव्हतं. "एवढं थोडं जगतो बिचारा," एवढंच ते म्हणाले. पण पुढचं ऐकून मात्र ते सरसावून बसले. दीक्षा सांगत होती की तुकडे निवडायचे कसे, कुठले घ्यायचे, कुठले टाकायचे, हे सगळे नियम आधी ठरवावे लागतात. आणि जिथं उत्तर असेल तेवढा आलेखाचा चौकोन तोवर झाकून ठेवतात. नियम पक्के झाले, जपानच्या समितीनं तपासून परवानगी दिली, की मगच चौकोन उघडायचा. त्याला ते लोक पेटी उघडणं म्हणतात.

"आधी बघितलं तर?" बाबुरावांनी विचारलं.

"मग मला जे हवंय तेच दिसावं म्हणून माझा हात नकळत नियम वाकडे करील. आणि केले की नाही, हे मलासुद्धा कधी कळणार नाही."

बाबुराव लेकीकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे तू कोपरा दुमडलास."

"हो पप्पा. कोपरा दुमडला."

त्या दिवशी त्यांच्या छातीत जे भरून आलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. शालनबाईंना मात्र रात्रभर त्यांचं कूस बदलणं ऐकू येत होतं.

त्यानंतर त्यांना वेडच लागलं. दर फोनवर पहिला प्रश्न, "पेटी उघडली का?" नाही. समितीनं शंका काढली आहे. पुढच्या आठवड्यात? नाही, आणखी शंका. "तुमची समिती म्हणजे आमच्या साहेबांची भावंडं दिसतात," बाबुराव म्हणत. शालनबाई कंटाळून म्हणत, "झाकली मूठ सव्वा लाखाची. राहू द्या की झाकलेली." पण बाबुरावांच्या मनानं घेतलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांना कधी कोणी बोलावलं नव्हतं. हा मजला लेकीचा होता. आयुष्यात एकदा तरी झाकलेलं उघडताना डोळ्यांनी बघायचं.

आणि नेमकं तेव्हाच हृदय कुरकुरायला लागलं. जिना चढताना दम लागायचा म्हणून तपासणी केली, तर नळ्या जागोजागी तुंबलेल्या. डॉक्टरांनी बायपासची तारीख दिली. दीक्षा संगणक घेऊन घरी आली. जपानची सगळी माहिती तारेवरून मिळत होती, प्रज्ञेशनं जोडणी करून दिली होती. तिचं टेबल बाबुरावांच्या पलंगासमोरच होतं. पडद्यावरच्या आलेखात मधोमध तो रिकामा चौकोन असे, आणि बाबुराव उशीला टेकून चौकोनाकडे बघत पडून राहत.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची दुपार. शालनबाई विहारात गेल्या होत्या. बाबुराव एकदम म्हणाले, "दीक्षा, उघड ती पेटी."

तिनं वळून पाहिलं.

"परवा माझं काय होईल ते डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत. फक्त बघू. बदलायचं काही नाही."

दीक्षा परत पडद्याकडे वळली. खुर्ची पुढे ओढून तिनं अक्षरं बडवायला सुरुवात केली. ती वाद घालील, नियम सांगेल, निदान रडेल तरी, असं त्यांना वाटलं होतं. तिनं एका शब्दानं नाही म्हटलं नाही. पाठमोरी, खांदे आवळून ती लिहीत राहिली. इतक्या वर्षांची मेहनत ही पोरगी बापाच्या एका वाक्यावर ओवाळून टाकायला निघाली होती. आणि मग त्यांना ऐकू आलं की आपण आत्ता काय बोललो. शब्दन् शब्द रंगरावचा होता.

ते भिंत धरून उठले. खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी पडद्यावर टाकला.

"नको," ते म्हणाले. "नको बाळा. माझंच चुकलं."

"पप्पा, मला चालेल. खरंच चालेल."

"तुला चालेल ते दिसतंय मला. म्हणून तर नको."

ती त्यांच्या कमरेला मिठी मारून रडली, आणि बाबुरावांनी तिच्या केसांवर हात ठेवला. त्या क्षणी त्यांना रंगरावची आठवण फार आली. बापाचं काळीज काय असतं ते त्याच्या जागी उभं राहिल्यावर कळलं होतं. संध्याकाळी त्यांनी त्याला फोन केला आणि नुसतीच तब्येतीची चौकशी केली.

ऑपरेशन लांबलं. नंतर फुप्फुसात पाणी झालं. बाबुराव अतिदक्षता विभागात कधी शुद्धीत, कधी गुंगीत. एकदा डोळे उघडले तर काचेपलीकडे दीक्षा उभी. त्यांनी बोटांनी हवेत चौकोन काढला. तिनं मान हलवून नाही म्हटलं. त्यांना बरं वाटलं, आणि परत झोप लागली.

घरी आणलं तेव्हा दिवाळी उलटून गेली होती. प्रज्ञेशनं खुर्चीत बसवून जिना चढवला. पलंगावर टेकल्यावर बाबुरावांनी समोर पाहिलं. पडद्यावर पंचा तसाच होता.

"हा अजून धुतला नाही?"

"तुमची लेक हात लावू देईल तेव्हा ना," शालनबाई म्हणाल्या. "धूळ झटकू देत नाही."

दीक्षा पलंगावर त्यांच्या शेजारी येऊन बसली. "पप्पा, परवानगी आली."

"कधी?"

"तुम्ही हॉस्पिटलात होता तेव्हाच. सगळ्यांनी एका वेळी बघायचं ठरलं होतं. मुंबईहून आनंदनं पेटी उघडली." आनंद म्हणजे तिच्या गटातला जोडीदार. "जपानला सगळ्यांनी पाहिलं."

बाबुरावांचा चेहरा उतरला. उतरू नये म्हणून त्यांनी प्रयत्न केला, पण आजारी माणसाला ते जमत नाही. "बरं झालं," ते म्हणाले. "माझ्यासाठी थांबायचं नव्हतंच. काय निघालं?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"मी पाहिलं नाही. कोणी सांगायचं नाही, असं सगळ्यांना बजावलं. आनंदचा रोज फोन येतो, आणि तो आधी म्हणतो, 'त्याबद्दल बोलत नाहीये.' जपानला माहीत आहे, मुंबईला माहीत आहे. तुम्हाला आणि मला माहीत नाही." "झाकताना तुम्ही होता. तुमच्याशिवाय मला उघडायचं नव्हतं."

शालनबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला.

"पंचा काढा, पप्पा."

त्यांनी हात पुढे केला. वर्षानुवर्षं झाकायची सवय झालेला हात, उघडताना त्याला कुठून धरावं ते कळेना. मग त्यांनी एका कोपऱ्याला चिमटीत धरलं आणि पंचा ओढला. दीक्षानं कळ दाबली. चौकोनात दोन ठिपके उमटले.

बाबुराव पडद्याकडे नाही, लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होते. "दोन," ती म्हणाली.

"दोन म्हणजे पास?"

ती हसली, पण डोळे भरले होते. "दोन तर असेच येतात, कचरा म्हणून. तेवढे येणार असं आम्ही आधीच लिहून ठेवलं होतं. शोधत होते तो पाहुणा नाही आला, पप्पा. आता एवढंच खात्रीनं सांगता येईल की इतक्या पंगतींत तो दिसला नाही, म्हणजे येत असलाच तर आम्ही धरलं होतं त्याहूनही क्वचित येतो."

"हे खरं आहे? कोणाच्या मर्जीचं नाही?"

"कोणाच्याच नाही. माझ्यासुद्धा नाही."

बाबुरावांनी हातातल्या पंच्यानं आधी तिचे डोळे पुसले, मग आपले. शालनबाई चहा टाकायला आत गेल्या आणि आतूनच नाक ओढल्याचा आवाज आला.

"कुठं होतं झाकलेलं?" बाबुराव म्हणाले. "नीट दाखव मला."

दीक्षानं त्यांचं बोट धरून चौकोनाच्या कोपऱ्यावर ठेवलं. शालनबाई चहा घेऊन आल्या तरी बाबुरावांनी ते बोट उचललं नाही.