सत्तावन सालचा फळा

गिरणीतले आम्ही तिघेच उरलोय आता. संध्याकाळी माटुंग्याच्या बागेत बाकावर बसतो. गुडघे, शुगर आणि सुना हे विषय संपले की कोणीतरी म्हणतं, "अरे, तो फळ्याचा किस्सा सांग." एक सांगितला की त्याच्या मागून दुसरा निघतो, दुसऱ्याला धरून तिसरा. बायको म्हणते, पाव किलो मिरच्या आणायच्या विसरता आणि सत्तावन सालचं सगळं पाठ! असणारच. ते सालच तसं होतं.

लालबागला आमच्या चाळीत जिन्याखाली एक फळा होता. त्यावर लिहायचा बापू साळवी, खोली नंबर चौदा. माझ्याच खात्यात साचे चालवायचा. साचे म्हणजे कापड विणायचे माग. पहिली पाळी संपवून घरी आला की हातपाय धुवायचा, पायरीवर बसायचा आणि मला पेपर मोठ्याने वाचायला लावायचा. मग खडू घ्यायचा. नियम त्याचेच. वरची ओळ जगाची. मधली ओळ मुंबईची. खालची ओळ चाळीतल्या जन्मांची, ती बारशापर्यंत पुसायची नाही. एवढाच कारभार, पण आजूबाजूच्या चाळींतली माणसं वाट वाकडी करून वाचायला यायची. गिरणीत राबणाऱ्याला जगात काय चाललंय ते कळत नाही असं कोणी म्हणालं की आम्ही त्याला फळ्यासमोर आणून उभा करायचो. छाती फुगायची आमची, खोटं कशाला बोलू?

एक गोष्ट मात्र सगळ्या चाळीला ठाऊक होती आणि कोणी बोलत नसे. खालच्या ओळीत खोली चौदा दोनदा आली होती. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत बापूनेच ती स्वतःच्या हाताने पुसली होती. त्याची बायको, सुमतीवहिनी, तेव्हापासून फळ्याकडे न बघता जिना चढायच्या.

* * *

मार्चात आफ्रिकेतला घाना देश स्वतंत्र झाला. ही बातमी घेऊन जाधव धावत आला. जाधव वरळीच्या बीडीडी चाळीतला, आमच्याच खात्यातला. आदल्या साली घरादारासकट बौद्ध झालेला. त्याचं म्हणणं, मोठ्या अक्षरात लिही.

बापू म्हणाला, आधी नकाशात दाखव. आम्ही तिघे गेलो म्युनिसिपल शाळेतल्या मास्तरांकडे. त्यांनी भिंतीवरचा नकाशा खालून वर, वरून खाली पाहिला. घाना काही सापडेना. तिथे अजून गोल्ड कोस्ट लिहिलेलं! मास्तर म्हणाले, असा देश जगात नाही, पेपरवाल्यांनी काहीतरी घोळ केलाय.

जाधव शांतपणे म्हणाला, "मास्तर, माणसं आपलं नाव बदलतात, तेव्हा ते इतरांच्या कागदावर यायला वेळ लागतो. आम्हाला विचारा."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, टेबलावरची पेन्सिल घेतली आणि नकाशावर घाना लिहिलं. बापूने फळ्यावर इतकं मोठं लिहिलं की त्या दिवशी मुंबईला जागाच उरली नाही.

* * *

त्याच महिन्यात निवडणुकीचे निकाल लागले. संयुक्त महाराष्ट्राची आपली माणसं धडाधड निवडून आली. लालबागमध्ये गुलाल इतका उडाला की आमच्या चाळीतलं पांढरं मांजर चार दिवस गुलाबी फिरत होतं.

पोरं फळ्यापाशी जमली. आज वरच्या ओळीत हीच बातमी पाहिजे! आदल्या साली मोर्चात लाठी खाऊन बापूच्या डोक्याला चार टाके पडलेले. त्याच्याइतका संयुक्त महाराष्ट्रवाला चाळीत दुसरा नव्हता. तो काय नाही म्हणतोय?

तर तो नाही म्हणाला. वरची ओळ जगाची.

मी चिडलो. म्हटलं, "मुंबई काय जगाच्या बाहेर आहे काय रे?"

"आपल्या घरातली गोष्ट आहे ती," बापू म्हणाला. "घरातलं कितीही मोठं असलं तरी जगाच्या डोक्यावर बसवायचं नाही."

आणि खरंच, वरच्या ओळीत त्याने परदेशातली कसलीशी परिषद लिहिली. मधली ओळ मात्र फळ्याची चौकट ओलांडून भिंतीवर गेली, जिन्याच्या कठड्यापर्यंत. चाळीच्या मालकाचा भय्या ओरडत आला. वाचलं, हसला आणि त्यालाही आम्ही पेढा दिला.

* * *

उन्हाळ्यात फ्लू आला. सगळ्या जगात साथ. वरच्या ओळीत लिहिलेली पहिली बातमी, जी चालत आमच्या चाळीत आली! साचेखात्यात अर्धी माणसं खोकत होती, अर्धी घरी पडलेली.

तेव्हा सुमतीवहिनींना चौथा महिना. बापूची झोप उडाली. गिरणीतून आपल्यासोबत साथ घरात जायला नको म्हणून तो गॅलरीतच राहायला लागला. जेवणाचं ताट उंबऱ्यावर, बोलणं दारातून. आठवडा झाल्यावर वहिनी आतून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अहो, मला काय आता फळ्यासारखं लांबूनच वाचणार?"

माणूस लाजून लालेलाल. पण आत गेला नाही.

त्याच आठवड्यात परबांच्या खोलीत जुळी झाली. तापाच्या धास्तीने बघायला कोणी जाईना. ती बाळंतपणं करणारी आमची मालवणची आक्का, जिने अर्ध्या चाळीला या जगात आणलं, ती कमरेवर हात ठेवून फळ्यासमोर येऊन उभी राहिली. बापूला म्हणाली, "जगातली साथ आमच्याकडे इली. मगे आमच्याकडची खबर जगाक नको?"

बापूने खालच्या ओळीत जुळी लिहिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या मजल्यांवरून परबांच्या दारात दूध, गूळ, जुनी मऊ लुगडी येऊन पडली. दार वाजवायचं आणि पळायचं! फ्लूची भीती ती भीती, पण पोरं आपल्या चाळीची होती.

* * *

ऑक्टोबरात रशियाने आकाशात उपग्रह सोडला. बापूने लिहिलं, 'माणसाने केलेला चंद्र पृथ्वीभोवती फिरू लागला.' कोजागिरी चार दिवसांवर. दुसऱ्या मजल्यावरच्या गंगूबाईंनी बापूला गाठलं आणि विचारलं की मसाला दूध ते नक्की कुठल्या चंद्राला दाखवायचं? बापूने फार गंभीरपणे विचार केला. म्हणाला, जुन्यालाच दाखवा, नवा टिकतो का ते बघू.

पुढे पेपरात आलं की पहाटे नीट पाहिलं तर दिसेल. सगळी चाळ गच्चीवर. बापूने वहिनींना बजावलं होतं, आठवा महिना आहे, जिना चढायचा नाही. आम्ही माना वर करून उभे, आणि मागून वहिनी आल्या. आक्काच्या खांद्यावर हात ठेवून, तीन मजले चढून.

बापू काही बोलायच्या आत त्यांनी बोट दाखवलं. "तो बघा."

एक ठिपका सरकत गेला. आम्ही सगळ्यांनी पाहिला. बापू तेवढ्यात चष्मा पुसत होता, त्याचा राहिला! तो रशियाचा होता की विमान होतं, देव जाणे. पण वहिनी खाली उतरताना हसत होत्या. त्या घरातलं हसू आम्ही किती दिवसांनी पाहिलं.

* * *

नोव्हेंबरात रशियाने दुसरा उपग्रह सोडला, त्यात एक कुत्री होती. ती बातमी वाचली त्याच सकाळी वहिनींना हॉस्पिटलात नेलं. दुपारी मुलगी झाली. दिवसांआधी झालेली, अगदी एवढीशी. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही, थांबा.

बापू संध्याकाळी चाळीत आला. हातपाय धुतले, खडू घेतला. वरच्या ओळीत कुत्रीची बातमी लिहिली, मधल्या ओळीत मुंबईची. खालची ओळ कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सकाळी गिरणी, मग हॉस्पिटल, मग फळा. कुत्री परत येणार नाही हे पेपरात आलं त्या दिवशी त्याने मला ती बातमी दोनदा वाचायला लावली. लिहिताना खडू मोडला. आक्का रोज हॉस्पिटलात जाऊन बसायची आणि परत येताना जिन्याखाली उभ्या बायकांना नुसती मान हलवून सांगायची, आहे. जाधवची बायको वरळीहून चालत डबा आणायची. मी साचे चालवताना दिवस मोजत होतो. मागच्या दोन्ही वेळा आठवडा उलटला नव्हता.

आठवा दिवस गेला. नववा गेला. बापू खालची ओळ कोरीच ठेवत होता.

बाराव्या दिवशी दुपारी टॅक्सी आली. आक्का आधी उतरली. मागून वहिनी, छातीशी धरलेलं एक गाठोडं घेऊन, आणि गाठोडं असं रडत होतं की तिसऱ्या मजल्यावरून लोक वाकून बघायला लागले. वहिनी जिन्याखाली आल्या आणि थांबल्या. फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बापूने हातपाय धुतले. मी पेपर उघडला. काय नव्हतं त्या दिवशी पेपरात! रशिया, अमेरिका, बॉम्ब, परिषदा, पहिलं पान भरून वाहत होतं. मी मोठ्याने वाचलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. जाधव, परब, गंगूबाई, सगळी चाळ उभी.

बापूने ओल्या फडक्याने अख्खा फळा पुसला. वाळू दिला. मग वरच्या ओळीत लिहिलं, 'खोली चौदा. सुमती साळवी यांना मुलगी. ठणठणीत आहे.'

आणि खालच्या ओळीत, बारीक अक्षरात, 'जगात आज विशेष काही नाही.'