चोरीला गेलेला जेसीबी आणि पूजेचा नारळ

आसेगावच्या शिवारातून जेसीबी चोरीला गेला, तो दिवस मी अजून विसरलेलो नाही. पोलीस खात्यातून माझ्या निवृत्तीला वर्ष उरलं होतं. तिथल्या ठाण्याचं अंगण, सकाळची हजेरी आणि नंतरच्या गप्पा आठवल्या की आजही जीव रमतो.

त्या दिवशी हजेरी संपते न संपते तोच मशीनचा मालक धापा टाकत आला. भाजीपाला पिकवणारं घर, मळ्याच्या कमाईवर घेतलेलं मशीन. शेततळ्याच्या कामावर उभं होतं, आता जागेवर फक्त चाकांचे वण. जीपीएसची पेटी वायरी तोडून बांधावर फेकलेली.

"पेटी कुठं बसवली हे कोणाला ठाऊक?"

"मले अन् ड्रायव्हरले, साहेब."

मला एवढं पुरलं. पंचनामा करून ड्रायव्हरला आणून बसवलं. पन्नाशीचा माणूस, मान खाली. चोर म्हणून नाव झालं असतं तर तालुक्यात पुन्हा कोणी त्याच्या हाती चाबी दिली नसती. एकच प्रश्न मी दहा प्रकारे विचारला.

"मी कायले चोरीन साहेब? माह्यं पोट त्याच्यावर हाये."

मान खाली म्हणजे गुन्हेगार, असा माझा नोकरीभरचा पक्का समज.

दुपारी मालकाची बायको नवऱ्याचं जेवण घेऊन आली. ड्रायव्हरला फरशीवर बसलेला पाहून ती घुटमळली. मग एका दमात बोलली, "याले सोडा साहेब. मशीनवर अजून एक जीपीएस हाये. पूजेच्या नारळाच्या फडक्यात म्या बांधला."

मालक उडालाच. "काहून वं? मले सांगतलं नाई?"

"तुमी मशीन कामावर हाये म्हणता, अन् ते तुमच्या बहिणीच्या वावरात फुकट चालते. तेच पाहाले बांधला!"

अख्खं ठाणं हसलं. तिच्या मोबाईलवरचा ठिपका धनज गावाजवळ होता. आम्ही निघालो. एका गोठ्यामागे ताडपत्रीखाली मशीन सापडलं. नंबर खरवडलेला, केबिनमधला लाल फडक्यातला नारळ मात्र जसाच्या तसा. चोर निघाला मालकानं काढून टाकलेला जुना ड्रायव्हर. पेटी त्याच्यासमोरच बसवली होती, जुनी चाबीही त्याच्याकडेच होती. मालकाला तो आठवला नाही, आणि मी खोदून विचारलं नाही.

मी त्या चोराला विचारलं, "सगळ्या वायरी तोडल्या, नारळ कसा ठेवला?"

"पूजेचा हाये साहेब. त्याले हात कसा लावाव?"

मशीनवाल्यांना मी आजही सांगतो, एक जीपीएस दिसेल असा लावा आणि दुसरा घरच्या बाईला लावू द्या.

ठाण्यात परतल्यावर ड्रायव्हरला म्हणालो, "जा बाबा, जीपीएसनं वाचवलं तुला."

त्यानं चपला घातल्या. "मी सकाळपासून खरंच बोलून राह्यलो होतो साहेब. माणसाचं ऐकलं नाई, नारळाचं ऐकलं तुमी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. माफीचा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. ती मी मागायला हवी होती, हे कळायला मला वर्दी उतरवावी लागली.