हे आपले कपडे आपणच धुऊ लागले तेव्हा

फोन आला तेव्हा मी पेण स्टेशनच्या बाकावर बसले होते. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत वर मेथीची जुडी आणि तिच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं ड्रेसिंगचं सामान... गॉज, चिकटपट्टी, जखम धुवायचं औषध. हे सगळं रोह्यात मिळतं. आमच्या निडीहून रोहा जवळ आणि पेण लांब. तरी मी पेणलाच यायची, कारण रोह्यात मी शाळेत शिकवलेलं आहे. औषधाच्या दुकानात कुणी ना कुणी जुना विद्यार्थी भेटतोच, आणि "बाई, एवढं ड्रेसिंग कुणासाठी?" असं त्यानं विचारलं तर काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. पेणमध्ये मला कुणी ओळखत नाही. मुलगा नीलेश फोनवर आधी नुसता "आई, ये लवकर," म्हणाला, आणि मग म्हणाला, "आई... बाबा गेले." रोह्याकडची गाडी यायला अजून अवकाश होता. मी तशीच बसून राहिले. शेवटच्या घडीला मी त्यांच्याजवळ नव्हते, आणि त्याचं कारण एवढंच, की मला लाज वाटत होती.

दत्ताराम, म्हणजे आमचे हे, लाजणारे गृहस्थ नव्हते. रोह्याच्या एका कारखान्यात नोकरी आणि शिफ्ट संपली की शेती. पावसाळ्यात भात, भात कापल्यावर त्याच ओलीवर वाल. आवाज असा, की बांधावर उभे राहून बोलले तर तीन शेतं पलीकडच्या माणसानं उत्तर द्यावं. शुगर निघाली तेव्हा त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं. मूळव्याधीचं ऑपरेशन झालं, तर नाक्यावरच्या टपरीवर चहा पिता पिता त्याची सगळी हकीकत, हातवाऱ्यांसकट. मी घरात तोंडाला पदर लावून बसले होते. म्हणाले, "दुखनं लपवायचा आसतंय काय गो? चोरी केलीय काय मी?" अशा माणसानं एक दुखणं दोन पावसाळे लपवलं, माझ्यापासूनसुद्धा, हे मला अजून खरं वाटत नाही.

सुरुवात कपड्यांपासून झाली. उभ्या जन्मात ज्यांनी रुमाल पिळला नव्हता, ते आंघोळीला गेले की आपले आतले कपडे आपणच धुऊन आणू लागले. मोरीत बराच वेळ लागायचा. मग "उकडतंय" म्हणून पडवीत खाट टाकली, आणि थंडी पडली तरी खाट तिथंच. अंगाला साबणाचा वास यायचा, आणि त्याखाली दुसराही एक वास. मी ओळखला नाही, किंवा ओळखायला धजले नाही. कधी नव्हे ते हे खाटेशी उदबत्ती लावायचे. मी विचारलं, "काय होतंय तुम्हाला?" तर "काय नाय गो," आणि तोंड दुसरीकडे. बायकांच्या मनात अशा वेळी जे येतं ते माझ्याही मनात आलं. कारखान्यात कुणी आहे का, माझं वय झालं म्हणून नकोशी झाले का... विचारायचं तरी कसं? मी मुलांना शाळेत शरीराचे अवयव शिकवले, तेही कमरेपर्यंत येऊन पान उलटणारी बाई मी. नवऱ्याला काय विचारणार होते?

एका दुपारी गोठ्यामागं पेंढ्याच्या गंजीशी मांजरीनं पिल्लं घातलीत का ते पाहायला गेले, तर पेंढ्यात खुपसलेली एक चड्डी हाताला लागली. धुतलेली होती, पण डाग गेला नव्हता. पिवळट पू, आणि कडेला रक्त. मी ती हातात धरून तशीच विहिरीवर गेले. हे मोटरीचा पाईप बसवत होते. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि पाईप सोडून खाली बसले. एवढा मोठा माणूस, गुडघ्यांत डोकं घालून रडायला लागला. "टाक ती गो... टाक आधी. पोरगा बघंल." मला राग आला होता, भीती वाटत होती, आणि तशातही मी आधी काय केलं, तर कुणी पाहत नाही ना म्हणून आजूबाजूला नजर टाकली.

संध्याकाळी नीलेशला मी एवढंच सांगितलं, की बाबांना डॉक्टरकडे न्यायचंय. त्यानं गाडी काढली, रोह्यात डॉक्टरला दाखवलं, तिथून त्यांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं तपासायला बाई डॉक्टर. नीलेशच्याच वयाची. हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. तिनं पडदा ओढला, हातमोजे घातले आणि सरळ विचारलं, "काका, कातडी मागं सरकणं कधीपासून बंद झालं?" ह्यांनी उत्तर भिंतीला दिलं. शुगरमुळं वरचेवर जंतू होत होते, कातडी आवळत गेली होती, आत साचत होतं. आधी पांढरं, मग पिवळं, मग वास, मग रक्त. आत गाठ होती. तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट आला. लिंगाचा कॅन्सर. असा काही कॅन्सर असतो हे मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टरनं आम्हा दोघांना बसवून सगळं समजावलं. हे ऐकत होते. मग मध्येच, कधी नव्हे अशा बारीक आवाजात म्हणाले, "डॉक्टरबाय, ह्ये त्याचाच आसंल काय... तवाचा?"

"तेव्हाचं म्हणजे?"

आणि मग संसारात इतकी वर्षं मला न सांगितलेली गोष्ट त्यांनी त्या परक्या पोरीला सांगितली. मिसरूड फुटायच्या वयात त्यांना खाली चिकट पाण्यासारखं काही यायचं. झोपेत कपडे ओले व्हायचे. बरोबरीचे पोरगे म्हणाले, धातू जातोय, हाडं पोकळ होणार. जत्रेत तंबू टाकलेल्या एका वैदूनं बाटलीतलं काहीबाही दाखवून तेच सांगितलं आणि चूर्ण दिलं. चूर्णानं पोट बिघडलं, बाकी काही फरक नाही. शेवटी धीर करून हे पेणला एका डॉक्टरकडे गेले. दवाखाना भरलेला. आत जाऊन सांगितलं, तर तो डॉक्टर हसत सुटला. कंपाउंडरला हाक मारून म्हणाला, "ऐक, ह्याचा रोग ऐक!" कंपाउंडर हसला, दाराबाहेरच्या बाकावरची माणसं हसली. "लग्न कर, जाईल," म्हणून डॉक्टरनं पाठवून दिलं. हे पेणहून निघाले ते गाडीत न बसता रुळांच्या कडेनं पुढच्या कासू स्टेशनापर्यंत चालत गेले. गाडीत त्या बाकावरचं कुणी असलं तर, म्हणून.

डॉक्टर हसली नाही. म्हणाली, "काका, तेव्हा तुम्हाला काहीच झालेलं नव्हतं. मनात तसा विचार आला की पाण्यासारखं चिकट येतं, झोपेत वीर्य जातं. सगळ्यांना होतं ते, त्यानं कुणी झिजत नाही. कातडीखाली थोडा पांढरा मळ साठतो, तोही धुतला की जातो. तुमचं आताचं वेगळं आहे. पू, वास, रक्त, जळजळ, बरी न होणारी जखम... ह्यातलं एक जरी दिसलं तरी लगेच यायचं असतं. एवढं थांबलात का?"

हे म्हणाले, "तवा कायच नव्हता, तरी येवढी हसली. आता खराच काय आसंल, तर किती हसतील... म्हनून नाय आलो."

त्या पोरीनं मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मला मात्र रडू आलं नाही. मला नुसती शरम वाटली. कुणाची, ते अजून नीट सांगता येत नाही. त्या हसणाऱ्या माणसांची, की इतकी वर्षं शेजारी झोपूनही ह्यांना ही गोष्ट सांगण्याजोगी जी वाटले नाही, त्या माझी?

ऑपरेशनमध्ये बराच भाग काढावा लागला. घरी आलो त्याच्या आदल्या दिवशीच धाकटे दीर अनंतभावजी, जे आमच्या शेजारच्याच घरात राहतात, सगळीकडे सांगून मोकळे झाले होते, "दादाच्या किडनीचा ऑपरेशन झालाय." आम्हाला ते सोयीचं वाटलं. मग माझ्याही तोंडी किडनीच बसली. लोक भेटायला येत, किडनीला चालणारी पथ्यं सांगत, आणि हे मान हलवत. बसून लघवी करावी लागे, म्हणून लग्नाकार्याला जाणं सोडलं. बांधावरून हाक मारणं बंद झालं. मूळव्याध नाक्यावर सांगणारा माणूस पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा.

जखम मी धुवायची. पहिल्या दिवशी ह्यांनी डोळ्यांवर टॉवेल घेतला होता. खरं सांगायचं तर इतक्या वर्षांच्या संसारात उजेडात मी त्यांना असं कधी पाहिलंच नव्हतं, पाहिलं ते पहिल्यांदा, आणि असं. काही दिवसांनी टॉवेल घेणं थांबलं. एकदा मी पट्टी लावत असताना म्हणाले, "आता तुला नवरा रायला काय गो? नावाचाच उरला." मी म्हटलं, "नावाचाच होता की आधीपासून. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलंत?" तर हसले. किती दिवसांनी हसले... आणि हसता हसता माझा हात धरून ठेवला.

पुढे दुखणं जांघेतल्या गाठींत उतरलं, जखम वाहू लागली, तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी नीलेशला पडवीत बोलावलं. मी आत वाल सोलत होते. दोघं बाप-लेक एकमेकांकडे न पाहता, अंगणाकडे तोंड करून बसलेले. "बग... आंघोळीला मागं सरकवून धुवायचा. रोज. काय येगला दिसला, पू, चट्टा, कायबी, तर त्याच दिवशी डॉक्टरकडं. मी तुला ह्ये आधी सांगायला पायजे व्हता. मला कोन बोलला नाय, म्हनून मीबी नाय बोललो." नीलेश म्हणाला, "व्हय बाबा." बस. एवढं बोलायला त्या दोघांना अख्खी संध्याकाळ लागली. अंधार पडेपर्यंत तिथंच बसून होते.

तेराव्याला मांडवात माणसं जेवून बसली होती. कुणीतरी नेहमीसारखं म्हणालं, "किडनीचा दुखनं वायटच." नीलेश पाणी वाढत होता. त्यानं तांब्या खाली ठेवला. "किडनीचं नव्हतं, काका. लिंगाचा कॅन्सर होता. पू येत होता, रक्त येत होतं, त्यांनी लाजेनं सांगितलं नाही. आधी दाखवलं असतं तर वाचले असते असं डॉक्टर म्हणाले." सगळ्यांची तोंडं खाली. बायकांनी पदर सारखे केले. मला वाटलं, धरणी दुभंगावी. अनंतभावजी ताडकन उठले. "बापाची आब्रू मांडवात काडतोस? लाज नाय वाटत?" नीलेश म्हणाला, "वाटते काका. म्हणूनच सांगितलं." भावजी निघून गेले, आणि त्यानंतर आमच्या अंगणातून येणं-जाणं बंद झालं. मी मुलाची बाजू घेतली नाही, त्याला ओरडलेही नाही. भांडी गोळा करत राहिले.

काही आठवड्यांनी मागच्या दारी रंजना आली, अनंतभावजींची बायको. परसात उभी राहून उगाच अळूची पानं चाचपत राहिली. मी म्हटलं, "आत ये गो." आली नाही. मग एकदम, पानांकडेच बघत म्हणाली, "ताई... हल्ली ह्यांचे कपडे हेच धुतात."

मी तिला हाताला धरून आत आणलं. कपड्यांबद्दल विचारलं, डाग कसा, वास येतो का, लघवीला आग होते का... मीच विचारत होते. कान तापले होते माझे, पण विचारलं. दुसऱ्या दिवशी नीलेश काकांच्या घरी गेला. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. थोड्या वेळानं दोघं खाली मान घालून बाहेर आले आणि गाडीत बसले. भावजींनाही शुगर निघाली. कातडीखाली जंतू झाले होते, पू त्याचाच. तपासण्या झाल्या, गाठ नव्हती. मलम, गोळ्या आणि शुगरची औषधं सुरू झाली. आता बरं आहे. परवा अंगणातून जाताना थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "वयनी, दादाला... मी किडनी बोललो ती चूकच झाली." मी चहा टाकला. ते प्यायले.

रविवारी वर्तमानपत्राची पुरवणी आली की हे ओटीवर पाय पसरून बसायचे आणि मला वाचायला लावायचे. त्यांना वाचता येत नव्हतं असं नाही. म्हणायचे, "मास्तरीन बायको कशाला केलीय? वाच गो." माझा आवाज जरा खाली गेला की डोळे मिटल्या मिटल्याच म्हणणार, "मागच्या बाकाला ऐकू नाय आला." मागच्या बाकावर कोण, तर भिंतीला टेकलेले हे एकटे. ते गेल्यापासून पुरवणी येते आणि तशीच घडी न मोडता राहते. काल ही आमची हकीकत लिहून झाली, तेव्हा सवयीनं ओटीवर जाऊन बसले आणि तीच मोठ्यानं वाचायला लागले. समोरच्या रस्त्यानं माणसं स्टेशनाकडे जात होती. रिपोर्टातला तो शब्द आला आणि माझा आवाज आपोआप खाली गेला. मी थांबले. ओळीच्या सुरुवातीला आले. भिंतीकडे पाहिलं... आणि मागच्या बाकाला ऐकू जाईल, असं पुन्हा वाचलं.