रुआन मावशींचं दुसरं लग्न

आमच्याकडे सम्राट फक्त नववर्षाला गच्चीतून हात हलवण्यापुरते. राज्य चालवतं वुचांगचं गृहखातं, आणि गृहखात्याची जन्म-मृत्यू-विवाह शाखा चालवायच्या रुआन मावशी. मी शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं बसून त्यांची बोलणी खाल्ली आहेत, म्हणून अधिकाराने सांगतो.

खात्याचा लाल शिक्का त्यांच्या ताब्यात. जरा तिरका पडला की कागद परत. ओळखीचा माणूस मागच्या दाराने आला तर तोही परत. "रांग दिसत नाही? डोळ्यांचा दाखला काढून देऊ?" नोंदवहीत आहे ते खरं, एवढंच त्यांचं म्हणणं. एका हयात आजोबांना त्यांनी सहा महिने मयतच ठेवलं होतं. रोज चहा मात्र पाजला.

आणि एक दिवस त्यांच्याच हातात निवृत्तीची चिठ्ठी पडली. वय साठ.

"साठ कुठली? अठ्ठावन्न!" मावशी कडाडल्या.

त्यांचा जन्म वर्षाच्या शेवटच्या रात्रीचा. आमच्या जुन्या हिशेबाने मूल जन्मतःच एक वर्षाचं, आणि नवं वर्ष लागलं की दोनचं. म्हणजे मावशी दुसऱ्या सकाळीच दोन वर्षांच्या! त्याच आठवड्यात शिरगणतीवाला आला, आईने 'दोन' सांगितलं, त्याने दोन लिहिलं. खात्याने नव्या हिशेबाने, म्हणजे दोन वर्षं पुरी झाली असं धरून, जन्मसाल काढलं, आणि मावशी कागदावर दोन वर्षांनी मोठ्या झाल्या.

"पण मावशी, नोंदवहीत आहे ते खरं ना?" मला राहवलं नाही.

"गप्प बस, मेल्या," त्या म्हणाल्या आणि पदर नव्हता म्हणून डोळ्याला बाही लावली. मला माझीच लाज वाटली. त्या शिक्क्याशिवाय ही बाई घरी काय करणार होती?

दुरुस्तीचा अर्ज मग मीच लिहिला. सुईणीच्या लेकीची साक्ष आणली, साहेबांची सही झाली. त्या दुपारी शाखेत कमळकंदाचं सूप मागवलं. पहिला घोट घेऊन मावशींनी वाटी खाली ठेवली.

"अठरा पुरी असल्याशिवाय लग्न नोंदवता येत नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मी वहीत अठराची होते. म्हणजे आता सोळाची. लग्न बाद."

"कोण बघतंय, मावशी?"

"मी बघतेय."

स्वतःच्या कागदाला हात लावायचा नाही असा नियम, म्हणून 'रद्द' त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं.

आता नव्या नोंदणीला नवऱ्याने स्वतः येऊन संमती द्यायची. पेइ काका जुने नावाडी. मावशी निवृत्त झाल्या की दोघांनी नदीने वरपर्यंत जायचं म्हणून त्यांनी होडी रंगवून तयार ठेवलेली. मावशींची नोकरी आणखी दोन वर्षं वाढल्याचं ऐकल्यापासून तीन दिवस ते घरात कोणाशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी आले. मागच्या दाराने नाही, रांगेत. सत्तेचाळिसावा नंबर.

"अर्जदाराचं नाव?" मावशींनी मान वर केली नाही.

"बेचाळीस वर्षांनी नाव विचारतेस?"

"नाव सांगा. मागे लोक उभे आहेत."

"पेइ."

मावशींचा आवाज खाली आला. "नीट विचार करा. तेव्हा मोठ्यांनी ठरवलं होतं. आता तुम्हाला नको म्हणता येईल. किंवा थांबायचं नसेल तर सांगा, मी दुरुस्ती मागे घेते, जुनं लग्न कायम, उद्यापासून घरी."

काकांनी टोपी काढली.

"चाळीस वर्षं धक्क्यावर लोकांची वाट बघत बसलो. तुझी दोन वर्षं बघेन. होडी काही पळून जात नाही. कुठे करायची सही?"

सही झाली. मावशींनी शिक्का उचलला, थांबल्या, आणि माझ्यापुढे धरला. अकरा वर्षांत पहिल्यांदा! मी घाईघाईने दाबला आणि शिक्का चांगलाच वाकडा बसला.

मी नवा कागद काढायला लागलो.

"असू दे," मावशी म्हणाल्या, शाईवर फुंकर घातली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.