घाटात फोन उचलणाऱ्याचं लायसन्स कायमचं रद्द करा

मंडळी, ऐका. आज तळोद्याहून धडगावला जीपमध्ये पुढे बसले होते. घाटात ड्रायव्हरने फोन कानाला लावला आणि वळणावर समोर ट्रक! आमची जीप दरीच्या अगदी कडेला जाऊन थांबली. मागे बाळाला घेऊन बसलेली बाई किंचाळली.

मी ओरडले तर म्हणे, "पॅसेंजरना फोन शे, ताई. नही उचला ते तो दुसरी गाडीमा बठी जाई."

एक पॅसेंजर दुसऱ्या गाडीत जाऊ नये म्हणून आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला! दंड कसला करता? पावती खिशात घालून हे पुन्हा फोनवर. लायसन्स कायमचं रद्द करा, गाडी जप्त करा!

एवढं लिहिलं आणि आठवलं. पुढची सीट धरून ठेवायला सकाळी मीच त्याला फोन केला होता. पहिल्याच रिंगला उचलला. मागून हॉर्न ऐकू येत होते.

बोला, मला काय शिक्षा?