सांडोरच्या लिलीची ओळख परेड

इतकी वर्षं लोटली, तरी ती घटना मनातून जात नाही. खून, दरोडे, दंगली, सगळं हाताळून मी निवृत्त झालो. पण पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात एका कुत्रीची ओळख परेड घेणारा फौजदार बहुधा मी एकटाच असेन. मित्रांना सांगितलं की ते हसतात. हसू द्या. त्या तपासात जी धावपळ झाली आणि जी मजा आली, ती पुढे मोठमोठ्या गुन्ह्यांतही आली नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती आणि मी तिथे फौजदार होतो. नालासोपारा, विरारकडे नव्या चाळी उठत होत्या, नवी बिऱ्हाडं येत होती आणि त्या बिऱ्हाडांना एक नवं वेड लागलं होतं, ते म्हणजे पांढऱ्या, केसाळ पॉमेरियन कुत्र्याचं. आमच्या घरीही ते वेड शिरलं. बायको म्हणाली, "मला पिल्लू हवं. पण रस्त्यात कुणी गळ्यात मारलेलं नको, चांगल्या घरचं हवं." जणू मुलीसाठी स्थळच बघायचं होतं! मी पोलिसी पद्धतीनं चौकशी सुरू केली. आमचे हवालदार मूळचे मिठागरांच्या गावचे, हद्दीतलं घर न् घर त्यांना ठाऊक. ते म्हणाले, "साहेब, सांडोरच्या मावशीकडं जा. कुत्री पाळावी तर तिनंच. पन ती कोनालाबी पिल्लू देत नाय हां."

मी म्हटलं, बघू या. फौजदाराला कोण नाही म्हणणार?

मावशीचं घर वसईजवळच्या सांडोर गावात, केळीच्या बागेत होतं. लाल लुगडं नेसलेली, साठीची, खणखणीत आवाजाची ख्रिस्ती बाई. घरात ती आपली बोली बोलायची, आमच्याशी मात्र शाळेतलं मराठी. तिची कुत्री लिली नुकतीच व्यायलेली होती. टोपलीत चार पिल्लं होती, त्यांचे डोळेही उघडले नव्हते. बायको तिथेच विरघळली. मावशीनं आम्हाला बाकावर बसवलं आणि माझा जबाब घ्यायला सुरुवात केली.

"दिवसभर घरात कोण असतं?"

"ही असते."

"ह्या माहेरी गेल्या म्हणजे?"

"मी आहे की."

"तुम्ही ड्यूटीवर जाणार. मग त्याला साखळीनं बांधणार का?"

"नाही हो."

"बदली झाली तर?"

"बरोबर नेऊ."

"आणि तिकडे राहायला जागा मिळाली नाही तर?"

आयुष्यभर मी लोकांना असंच कोपऱ्यात घेत आलो होतो, त्यामुळे आपण कोपऱ्यात सापडलोय हे मला चटकन कळलं. बायको पदरात तोंड लपवून हसत होती.

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. मावशी उठली, क्रूसाची खूण केली आणि हात जोडून प्रार्थना म्हणू लागली. आणि काय सांगू, ती लिली टोपलीतून उठून आली, मागच्या पायांवर बसली आणि पुढचे दोन्ही पाय तिनं जुळवून धरले! प्रार्थना संपल्यावर मावशीनं तिला पावाचा तुकडा दिला. "हिची भक्ती ह्या पावापुरती," मावशी म्हणाली. "माझ्या घरात हात जुळले की पाव मिळतो, एवढं तिला कळतं."

निघताना मावशी म्हणाली, "आईचं दूध तुटल्याशिवाय पिल्लू हलणार नाही. तोवर मी विचार करून सांगते. आणि दुसरीकडे घ्यायचं झालं तर एक ध्यानात ठेवा, आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका." हा सल्ला ती बाजारात केळी विकताना, रविवारी चर्चमधली मिस्साची प्रार्थना सुटल्यावर, भेटेल त्याला देत असे. सगळ्या वसईला तो पाठ झाला होता.

आठवडाभरातच मावशी धापा टाकत पोलीस ठाण्यात आली.

"साहेब, लिली गेली! मी विहिरीवर होते, तेवढ्यात कुणीतरी उचलून नेली. पिल्लं तशीच पडलीत. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्यानं पाजतेय, पण धाकटं धड तोंड उघडत नाही. आई लवकर मिळाली नाही तर एक पण जगायचं नाही."

मी कलम ३७९ खाली चोरीचा गुन्हा नोंदवला. ठाण्यात कुजबुज झालीच, की साहेब आता कुत्री शोधणार. मी दुर्लक्ष केलं. मला एकच प्रश्न छळत होता. पिल्लाला गिऱ्हाईक असतं. मग चोरानं हाताशी आलेली चार पिल्लं सोडली आणि आई का नेली? व्यायलेली कुत्री सांभाळायला अवघड, चावणारी, ओरडणारी. पोलिसानं एक गोष्ट लक्षात ठेवावी: चोर वेडा वाटला, तर बहुतेक वेळा आपल्यालाच काहीतरी दिसत नसतं.

उत्तर दुसऱ्याच सकाळी आपल्या पायांनी चालत आलं. विरारजवळच्या बोळिंजचा एक बँक कारकून आणि त्याची बायको टॉवेलमध्ये पिल्लू गुंडाळून तक्रार द्यायला आले. आदल्या दिवशी नालासोपाऱ्यातल्या तुळिंजला घेतलेलं शुद्ध पॉमेरियन. घरी आल्यावर त्याला पुसून काढलं, तर पांढरा रंग टॉवेलला लागला आणि खालून तांबूस गावठी पिल्लू निघालं! अंगभर पावडर चोपडली होती. पिल्लू इतकं कोवळं होतं, की बशीतलं दूधही त्याला चाटता येत नव्हतं.

हवालदार खो खो हसायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं आणि विचारलं, "घेण्यापूर्वी आई बघितली नाहीत का?"

"बघितली तर!" कारकून म्हणाला. "पांढरीशुभ्र, अस्सल. दूध गळत होतं तिचं. म्हणून तर विश्वास बसला."

त्याची बायको पुढे सरसावली. "आणि साहेब, काय वळण तिला! दिवेलागणीची वेळ होती. शेजारच्या खोलीत कुणी देवापुढं दिवा लावला, म्हणून मी सवयीनं हात जोडले. तर ती पण मागच्या पायांवर बसून हात जोडून! मी ह्यांना म्हटलं, आई एवढी संस्कारी आहे, तर पिल्लू हेच घ्यायचं."

मी खुर्चीवरून उडालोच. हवालदारांचं हसू तोंडातच राहिलं. लिली! पाव मागत होती बिचारी आणि ह्यांनी तिचे संस्कार बघून पिल्लू पसंत केलं.

आता सगळा उलगडा झाला. मावशीनं गावाला शिकवलं होतं, आई बघितल्याशिवाय पिल्लू घेऊ नका. गिऱ्हाइकं आई मागू लागली, तेव्हा ह्या पठ्ठ्यानं आईच पैदा केली. गावठी पिल्लं पुढे करायची आणि मागे दुधानं भरलेली अस्सल पॉमेरियन दाखवायची. त्यासाठी त्याला पिल्लं नकोच होती, त्याला दिखाऊ आई हवी होती.

माणूस पाठवला तर तुळिंजच्या त्या खोलीला कुलूप. शेजाऱ्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. मात्र कारकून म्हणाला, की सौदा ठरला तो स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर. मी साध्या वेशात जायचं ठरवलं. पण एकटा पुरुष कुत्र्याचं पिल्लू घ्यायला आला तर संशय येणार. घरी येऊन बायकोला विचारलं, "गिऱ्हाईक होशील का?" तिचे डोळे असे चमकले, की विचारू नका. तिनं ठेवणीतली साडी काढली. "पोलिसाची बायको वाटता कामा नये," मी म्हटलं. "मग तुम्ही मिशी खाली करा," ती म्हणाली.

आम्ही टपरीवर चहा घेत पिल्लाची मोठ्यानं चर्चा केली. थोड्याच वेळात भांग पाडलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण जवळ सरकला. "भाभी, पॉमेरियन पाहिजे? आपल्याकडे एकदम ओरिजिनल माल आहे."

"आई दाखवणार असाल तरच येते," बायको ठसक्यात म्हणाली. "नाहीतर वेळ घालवू नका."

"आई दाखवतो ना! बच्चा नंतर, माँ पहले. आपला धंदा एकदम सीधा."

त्यानं आम्हाला दुसऱ्याच चाळीत नेलं. साध्या वेशात, दूध प्यायच्या मिषानं टपरीवर बसलेले हवालदार अंतर ठेवून मागे येत होते. खोलीच्या कोपऱ्यात खोक्यात तीन पिल्लं कुईंकुईं करत होती आणि खिडकीच्या गजाला बांधलेली, मलूल झालेली लिली. पण पांढऱ्या कुत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात, खात्री कशी करायची? बायकोनं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं सरळ हात जोडले. लिली धडपडत उठली, मागच्या पायांवर बसली आणि पुढचे पाय जुळवले.

"हीच हो!" बायको ओरडली. ठरलेली खूण वेगळीच होती, ती राहिली बाजूला. तो भामटा क्षणात मागच्या दारानं पसार. मी मागे, हवालदार आडवे. चाळीमागे भाताची चिखलाची खाचरं होती. इस्त्रीचा शर्ट त्यात घसरला आणि त्याच्यावर आमचे हवालदार पडले. दोघंही उठले तेव्हा कोण पोलीस आणि कोण आरोपी, ओळखू येत नव्हतं.

ठाण्यात आणल्यावर मात्र गडी तयार निघाला. "साहेब, कुत्री माझी आहे. मुंबईहून आणली. हात जोडायला मीच शिकवलं. मावशीचं नाव लिहिलंय काय तिच्यावर?" त्याचं म्हणणं उद्या वकीलही मांडणार होता. शिवाय लिली आता मुद्देमाल होती. कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती मावशीला देता येत नव्हती, आणि तिकडे पिल्लं शेवटचे श्वास मोजत होती. हवालदार अंगावरचा चिखल पुसत म्हणाले, "साहेब, ती पानीसुद्धा पीत नाय. आईला घरी नेता येत नाय, तर पोरांना इकडं आनू या का?"

मी टेबलावर हात आपटला. एका दगडात दोन पक्षी! ओळख परेड पण होईल आणि पिल्लांच्या पोटात दूध पण जाईल.

टांगा पाठवून मावशीला टोपलीसह आणलं. एक किराणा दुकानदार आणि एक शिक्षक, असे दोन पंच बोलावले. व्हरांड्याच्या एका टोकाला आरोपीची तीन पिल्लं ठेवली, दुसऱ्या टोकाला फडक्यानं झाकलेली मावशीची टोपली. मावशीला आत बसवलं, म्हणजे तिच्या आवाजानं गडबड नको. पंचांना सगळं समजावलं आणि मधोमध लिलीची दोरी सोडली.

ती क्षणभर उभी राहिली. नाक वर केलं. मग अशी सुटली, की शिक्षक दचकून भिंतीला टेकले. टोपली तिनं धडकेनंच आडवी केली, पिल्लं एकेक करून चाटली आणि तिथेच फरशीवर आडवी झाली. तीन पिल्लं लगेच बिलगली. चौथं, ते धाकटं, तसंच पडून होतं. लिलीनं त्याला नाकानं ढकललं. एकदा. पुन्हा. आणि त्यानं तोंड उघडलं! "लागलं, लागलं दुधाला!" हवालदार ओरडले. कोठडीतल्या कैद्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

मावशी बाहेर आली. लिलीच्या डोक्यावरून हात फिरवून ती सरळ दुसऱ्या टोकाला गेली आणि आरोपीची तिन्ही गावठी पिल्लं ओच्यात घेऊन आली. हलक्या हातानं एकेक करून लिलीला लावली. लिली जरा गुरगुरली, मग गप्प राहिली. "जात मागाहून बघू," मावशी म्हणाली. "आधी पोट."

हे पाहून आरोपीची मान खाली गेली. "लिहून घ्या साहेब," तो म्हणाला. त्यानं सगळं कबूल केलं. पूर्वी तो मावशीकडे पिल्लू मागायला गेला होता आणि तिनं त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. मी मावशीला कारण विचारलं. ती म्हणाली, "आल्या आल्या त्यानं विचारलं, ही वर्षातनं किती वेळा विते? तेव्हाच मी ओळखलं."

कोर्टाचा हुकूम होईपर्यंत ते सगळं लेंढार आमच्या व्हरांड्यात मुक्कामाला होतं आणि मावशीही. मॅजिस्ट्रेट साहेबांनी पंचनामा वाचला, दोनदा वाचला, आणि लिलीला सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या अटीवर, मावशीच्या ताब्यात दिलं. कारकुनाच्या बायकोनं आपलं तांबूस पिल्लू परत करायला साफ नकार दिला. मावशीच्या सल्ल्यानं तिनं ते रोज सांडोरला आणून लिलीकडे पाजलं आणि वाढवलं.

पिल्लं चालायला लागल्यावर आम्ही दोघं पुन्हा सांडोरला गेलो. मनात शंकाच नव्हती. तेच धाकटं पिल्लू बायकोच्या पायाशी लोळत होतं. मावशीनं कॉफी दिली, केळ्यांची फणी बांधून दिली आणि मग माझ्यासमोर बसली.

"बाबा, तुझे उपकार मी विसरायची नाही. तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. पण पिल्लू देणार नाही. तुझी बदली ठरलेली. आज इथे, उद्या कुठे. त्याला घर पाहिजे, मुक्काम नको."

मला रागच आला, खोटं कशाला सांगू! वाटेत मी फणफणत होतो. बायको मात्र शांत होती. ती म्हणाली, "बरं झालं नाही म्हणाल्या. हो म्हणाल्या असत्या, तर ते पिल्लू त्यांनी तुमच्या वर्दीला दिलं असतं. आत्ता कळलं, चांगल्या घरचं म्हणजे काय ते."

वर्षभरात माझी बदली झाली. त्यानंतर अनेक ठिकाणी राहिलो. कुठे एक खोली, कुठे ठाण्याच्या मागची गळकी क्वार्टर, कुठे बायको गावी आणि मी एकटा. प्रत्येक नव्या जागेत सामान उतरवताना मला ते धाकटं पिल्लू आठवायचं आणि ते इथे नाही याचा आनंद व्हायचा. पोलिसी नोकरीत माणसाला पुढेपुढे करणारे फार भेटतात. भीतीनं देतात, उपकार म्हणून देतात, उद्या कामाला येईल म्हणून देतात. त्यांच्या देण्यावरून त्यांची पारख होत नाही, हे मला त्या गुन्ह्यानं शिकवलं. पुढे कुणावर विश्वास टाकायची वेळ आली, की मी बघायचो, हा माणूस माझ्या तोंडावर मला नाही म्हणू शकतो का. म्हणणारा भेटला, की मी त्याच्यापुढे खुर्ची सरकवायचो.