सात बहिणींचं काजळ

"घाई नाही आपल्याले," असं म्हणत मामा आपला डफ माझ्या भट्टीवर धरायचे. शेकल्याशिवाय डफाचं कातडं बोलत नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण इतका सावकाश शेकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. अंगठा कातड्यावर, आणि डोळे बाहेरच्या शेडकडे.

आदिलाबादमधल्या आमच्या मोहल्ल्यातला हा बार. मागच्या अंगणात पत्र्याची शेड, आणि शनिवारी संध्याकाळी तिथं खेड्यांतल्या गाणाऱ्या पार्ट्या. मी आत अंडी उकडतो, पकोडे तळतो. मूळचा सांगलीकडचा, सातवीत शाळा सोडलेली. ट्रकवर क्लीनर म्हणून इकडं आलो आणि तापानं पडलो. ट्रक मला सोडून पुढं निघून गेला. सरकारी दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हे मामा डबा घेऊन यायचे. त्यातलं अर्धं न विचारता माझ्या ताटलीत पडायचं. ताप उतरल्यावर त्यांनीच हाताला धरून मला बारमालक अण्णांपुढं उभं केलं. "गडी भेकड आहे, पण हात साफ आहे," एवढीच शिफारस. ती दोन्ही अंगांनी खरी आहे. गॅस बंद केला का, हे मी अजून तीनदा उठून बघतो.

दिवसा ते कापसाच्या बाजारात वजनकाट्यावर असत, म्हणून सगळे काटेवाले मामा म्हणत. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. ते म्हणायचे, "कागदावर नाव त राशनकार्डातबी असते. नाव गाण्यात पाहिजे." आमच्या शेडमधल्या गाण्यात शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव येतं. त्या एका जागेसाठी हा माणूस जगायचा.

बायको गेल्यावर त्यांनी एक गाणं रचलं होतं. कापूस वेचत वेचत ती धुऱ्यापाशी, शेताच्या बांधापाशी पोचते आणि मागं वळून बघत नाही, असं. मी ते मोबाइलवर भरून घेतलं होतं. एक दिवस दुसऱ्या पार्टीचा शाहीर, चमकीचं जाकीट घालणारा, माझ्या दाराशी आला. "काय गा, मामाचं ते गाणं आहे म्हणे तुझ्यापाशी. नुसतं ऐकतो." एवढा मोठा शाहीर माझ्याकडं काही मागतोय, यानंच मी फुगलो. दिलं.

महिन्याभरानं त्यानं ते शेडमध्ये गायलं. पेटी, ढोलकी, मागे चौघे झील धरायला. शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव. पुढच्या शनिवारी मामांनी तेच गाणं उचललं, तर मागून कोणीतरी म्हणालं, "मामा, दुसऱ्याचं काऊन गाऊन राह्यले?" लोक हसले. जाकीटवाला सगळ्यांत शेवटी हसला, आणि सगळ्यांत जास्त वेळ.

मी भट्टीपाशी रडत कबूल केलं. मामांनी डफ उलटा करून दुसऱ्या बाजूनं शेकला. "मले ठाऊक आहे. तू बावळा आहेस, तो नाही. घाई नाही आपल्याले."

दोन वर्षं त्यांनी ते गाणं तोंडातून काढलं नाही. जाकीटवाल्याला मात्र स्वतः होऊन पान द्यायचे. मला वाटलं, विसरले. मी विसरलो नव्हतो. त्याच्या प्लेटमधले पकोडे मी मुद्दाम गार करून पाठवायचो. माझी ताकद तेवढीच.

मग एका दुपारी ते स्वयंपाकघरात येऊन बसले. "मोबाइल काढ." आणि गायले:

सात बहिणींचं एकच काजळ, आठवी आंधळी, तिनं पाहिलं;
सांग शाहिरा, कोणाच्या दिव्यात तेल राहिलं?

"आता दे त्याले. म्हण, मामानं नवीन सवाल रचला, अजून कोठंच गायला नाही. मामाले सांगू नका म्हण." मी नेऊन दिलं, आणि देताना तीनदा मागं वळून बघितलं. बरं झालं, चोरून देणारा तसाच बघतो.

शेडची रीत अशी. एक पार्टी गाण्यातून सवाल घालते, समोरची उत्तर देते. समोरच्यानं हात जोडले, तर ज्याचा सवाल त्यानंच तो उकलायचा. नाही उकलला, तर डफ पालथा घालायचा आणि त्या शेडमध्ये पुन्हा गायचं नाही.

त्या शनिवारी जाकीटवाल्यानं तोच सवाल झोकात गायला. शेवटी स्वतःचं नाव, दोनदा. मामांनी डफ मांडीवर ठेवला आणि सावकाश हात जोडले.

"हारलो, शाहीर. तुमीच सांगा."

जाकीटवाला हसला. मग हसायचा थांबला. "सात बहिणी म्हंजे... सात नद्या."

"बरं. आन् काजळ?"

"काजळ म्हंजे रात."

"मंग आठवी नदी आंधळी कशी झाली?"

लोक पुढं सरकले. अण्णा गल्ल्यावरून उठून आले. "चेप्पू शाहीर, चेप्पू," सांग म्हणून तेलुगूत गोडीनं विनवू लागले. जाकीटवाल्यानं आपल्या माणसांकडं पाहिलं. चौघेही पत्र्याकडं बघत होते. त्यानं डफ पालथा घातला. खोटं कशाला बोलू, तो चेहरा बघून मला त्या रात्री जेवण गोड लागलं.

मामांनी मग बायकोचं गाणं गायलं. शेवटच्या ओळीत नाव आलं, त्यांचं.

आत आल्यावर मी विचारलं, "मामा, उत्तर काय त्याचं?"

"उत्तर नाही बे त्याले."

"आणि तुम्हालाच कोणी उकलायला सांगितलं असतं तर?"

"मी कोठं इचारलं?" मामा म्हणाले. "इचारलं त्यानं."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले, बाजारातच, काट्याशेजारी बसल्या बसल्या. जाकीटवाला मातीला आला होता. आता दर शनिवारी बारमध्ये येतो, जाकीट न घालता, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर ओल्या बोटानं सात रेघा ओढत बसतो. मी प्लेट ठेवली की हळूच विचारतो, "मामानं तुले त सांगितलं असंल. आठवी म्हंजे आत्मा का?"

मी थोडा विचार केल्यासारखं करतो.

"जवळ आलात," म्हणतो, आणि आत जातो.